मूठ आणि बोटे

जॅक कर्बींच्या चित्रांतली मूठ चौकोनी असते. बोटांची पेरे जाड, टोके बोथट, नखे जवळजवळ चौरस. आणि ती मूठ वळली की मनगट, कोपर, खांदा, पाठ, थेट मागे रोवलेल्या पायाची टाच, असे सगळे शरीर तिच्यामागे एका रेषेत येऊन उभे राहते. स्टीव्ह डिट्कोंच्या चित्रांत मूठ क्वचितच लक्षात राहते. तिथे लक्षात राहतात ती बोटे: मधली दोन तळव्याकडे दुमडलेली, तर्जनी आणि करंगळी ताठ, मनगट मागे मुरडलेले. भरतनाट्यम पाहत आलेल्या आपल्या डोळ्यांना ती सरळसरळ हस्तमुद्रा वाटते. स्पायडरमॅन जाळे सोडतो ते याच बोटांनी आणि डॉक्टर स्ट्रेंज मंत्र टाकतो तोही जवळपास याच बोटांनी. कागदावरची सही झाकून ठेवली तरी केवळ एका हातावरून हे काम कोणाचे, हे ओळखता येते.

१९६१ ते १९६६ या पाचसहा वर्षांत या दोन चित्रकारांनी न्यूयॉर्कच्या मार्व्हल कॉमिक्ससाठी जे काढले, त्याच्यावर आजचा अब्जावधी डॉलरचा सिनेमाधंदा उभा आहे. त्या सिनेमांबद्दल भरपूर लिहिले जाते. मला लिहायचे आहे ते त्या मूळ पानांबद्दल. बारा सेंटला मिळणाऱ्या, स्वस्त वर्तमानपत्री कागदावर चार रंगांत छापलेल्या अंकांबद्दल, आणि त्यांतल्या रेषेबद्दल. या गोष्टींचे खरे कथाकार त्यांचे चित्रकार होते असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचा पुरावा त्या पानांवरच आहे.

हे मत मी पुढे वाचलेल्या चरित्रांमधून बनवलेले नाही. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात हे अमेरिकन अंक अधूनमधून मिळत, बहुतेकदा मुखपृष्ठ फाटलेले. मी मराठी माध्यमात शिकत होतो आणि संवादाच्या फुग्यांमधले ते दाट, अलंकारिक इंग्रजी माझ्या आवाक्याबाहेरचे होते. तरी गोष्ट कळायची. कोण कोणावर रागावला आहे, कोण काय लपवतो आहे, पुढच्या चौकटीत कोणत्या दिशेने धोका येणार आहे, सगळे कळायचे. त्याआधी माझी ओळख होती ती इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळशी. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या त्या मालिकेने ली फॉक यांचा १९३६ चा फँटम मराठी घरांत आणला आणि आमच्या कितीतरी जणांना चित्रकथेची गोडी लावली. त्या ऋणाबद्दल मला आदरच आहे. पण वेताळची गोष्ट शब्दांच्या आधाराने चालते; शब्द काढून घेतले की चित्रे थबकतात. कर्बींचे पान शब्दांवाचूनही धावत सुटते.

असे का व्हावे, याचे कारण त्या कामाच्या पद्धतीत आहे. मार्व्हलमध्ये तेव्हा संपादक आणि लेखक स्टॅन ली एकटे अनेक मासिके सांभाळत होते. पूर्ण पटकथा लिहून देणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून चित्रकाराशी तोंडी चर्चा व्हायची, कधी एखादे टिपण दिले जायचे, आणि चित्रकार घरी जाऊन वीस पाने काढून आणायचा. प्रसंग कुठे तोडायचा, किती चौकटी करायच्या, कोणता चेहरा जवळून दाखवायचा, हाणामारी किती आणि शांतता किती, हे सगळे निर्णय पेन्सिल हातात असणाऱ्याचे. ली संवाद लिहीत ते नंतर, पुढ्यात आलेल्या पानांवर. कर्बींच्या जुन्या मूळ पानांची छायाचित्रे आज पाहायला मिळतात, त्यांत चौकटींबाहेरच्या मोकळ्या कडेला त्यांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेल्या सूचना दिसतात: इथे काय घडते आहे, हा माणूस काय म्हणतो आहे. म्हणजे चित्रकार लेखकाला गोष्ट सांगतो आहे.

याचे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द लींनीच अनेकदा सांगितले आहे. १९६६ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’च्या ४८ ते ५० या अंकांत ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येणार, एवढे दोघांत ठरले होते. कर्बी पाने घेऊन आले तेव्हा त्यांत आकाशातून एका फळीवर उभा राहून येणारा एक चंदेरी माणूस होता, ज्याच्याबद्दल चर्चेत अवाक्षरही निघाले नव्हते. एवढ्या प्रचंड शक्तीच्या आधी वर्दी द्यायला कोणीतरी दूत हवा, असे कर्बींना वाटले, आणि त्यांनी तो काढला. सिल्व्हर सर्फर असा जन्माला आला. लींनी त्याच्या तोंडी घातलेली भाषा सुंदर आहे आणि तिचे श्रेय त्यांचेच. पण तो माणूस आकाशात होता तो कर्बींमुळे.

कर्बींचे मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात. ऑस्ट्रियातून आलेले ज्यू कुटुंब, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार, आणि गल्लीगल्लीत पोरांच्या टोळ्या. मारामारी त्यांनी तिथे शिकली, आणि ती कशी दिसते हे ते जन्मभर विसरले नाहीत. सुरुवातीला ते फ्लायशर स्टुडिओत ‘पॉपाय’च्या चलच्चित्रांसाठी दोन मुख्य मुद्रांच्या मधली चित्रे काढत. हजारो चित्रे, प्रत्येकात हात केसभर पुढे सरकलेला. त्या कामात त्यांना वडिलांचा कारखानाच दिसू लागला आणि त्यांनी ते सोडले. पण मला नेहमी वाटते की हालचालीचा प्रत्येक टप्पा हातात बसल्यामुळेच पुढे त्यांना कळले की कोणता टप्पा काढायचा आणि कोणते गाळायचे. कर्बी ठोसा लागतानाचा क्षण फारसा काढत नाहीत. ते काढतात ठोसा लागून गेल्यानंतरचा क्षण, जेव्हा मारणाऱ्याचा हात शरीर ओलांडून पलीकडे गेलेला असतो आणि मार खाणारा चौकटीबाहेर फेकला जात असतो. मधला आघात वाचणाऱ्याच्या डोक्यात घडतो, आणि म्हणूनच तो एवढा जोरात बसतो.

‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक त्यांनी जो सायमन यांच्याबरोबर केला. मुखपृष्ठावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो डिसेंबर १९४० मध्येच विक्रीला आला, म्हणजे पर्ल हार्बरच्या जवळजवळ वर्षभर आधी, अमेरिका युद्धात नसताना. त्या मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो आहे. दोन तरुण ज्यू मुलांनी तेव्हा हे छापणे हे धाडस होते. त्यांना धमक्याही आल्या. पुढे कर्बी स्वतः सैन्यात गेले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये ते नॉर्मंडीला उतरले आणि हा चित्रकार आहे असे कळल्यावर त्यांना पुढे जाऊन टेहळणी करून नकाशे काढण्याच्या कामाला लावले गेले. त्या हिवाळ्यात हिमदंशाने त्यांचे पाय जायची वेळ आली होती. त्यांनी पुढे काढलेल्या पडक्या इमारती, उलटलेली यंत्रे, धुरातून धावणारी माणसे पाहताना हे आठवते. त्यांच्या सर्वांत भव्य चित्रांतही विध्वंस कधी शोभेचा वाटत नाही.

शरीरशास्त्राच्या कसोटीवर कर्बींची माणसे टिकत नाहीत, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप. गुडघ्यावर चौकोनी सावल्या, पोटऱ्यांवर वळवळणाऱ्या जाड काळ्या रेघा, कॅमेऱ्याच्या कोणत्याच भिंगात दिसणार नाही एवढा पुढे आलेला हात. आक्षेप खरा आहे आणि मला तो बिनमहत्त्वाचा वाटतो. कर्बी स्नायू काढत नव्हते, जोर काढत होते. हीच गोष्ट त्यांच्या काळ्या ठिपक्यांची. चाहते ज्याला ‘कर्बी क्रॅकल’ म्हणतात ते म्हणजे लहानमोठ्या काळ्या वर्तुळांचे पुंजके. १९६६ च्या सुमारास ते ‘फँटॅस्टिक फोर’ आणि ‘थॉर’मध्ये पूर्ण रूपात दिसू लागतात. चमत्कार असा की डोळ्याला दिसते ती त्या ठिपक्यांच्या मधली मोकळी जागा. तेज काढलेले नसते. त्याच्याभोवतीचा काळोख काढलेला असतो, आणि तेज आपोआप सळसळू लागते. स्वस्त कागद आणि ढोबळ छपाई यांच्या मर्यादेत विश्वाची ऊर्जा दाखवण्याची एवढी साधी आणि एवढी अचूक युक्ती दुसऱ्या कोणाला सुचली नव्हती.

पण कर्बी म्हणजे फक्त गडगडाट, असे मानणाऱ्याने ‘फँटॅस्टिक फोर’चा ५१ वा अंक उघडावा. पहिल्याच पानावर, पानभर चित्रात, दगडी देहाचा बेन ग्रिम भर पावसात रस्त्यावर उभा आहे. बाकी काही घडत नाही. मान खाली गेलेली, खांदे उतरलेले, आणि ज्या हातांनी तो इमारती हलवतो ते दोन्ही हात बाजूला नुसते लोंबत आहेत. चेहरा म्हणजे दगडांची मांडणी. भुवईच्या जागी एक कपार, तोंडाच्या जागी दुसरी. एवढ्या अपुऱ्या साहित्यातून कर्बींनी त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख आणले आहे, ते पाहून मी आजही पान उलटायला वेळ लावतो. बेन हा त्या लोअर ईस्ट साइडचाच मुलगा आहे, त्याची यान्सी स्ट्रीट म्हणजे तिथली डिलान्सी स्ट्रीट. त्याला काढताना कर्बींना संदर्भचित्राची गरज नव्हती.

या पानाचा निम्मा मान जो सिनॉट यांना द्यायला हवा. पेन्सिलच्या रेषांवर शाई फिरवणाऱ्याला अमेरिकेत इंकर म्हणतात, आणि वाचक त्याच्या नावावरून नजर सरकवून पुढे जातो. सिनॉट न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज या लहान गावात बसून टपालाने येणाऱ्या पानांवर काम करत. बेनच्या प्रत्येक दगडाला त्यांनी वेगळी कड दिली, धातूला धातूची चकाकी दिली, ठिपके नेमके गोल केले. उलट ‘थॉर’वर शाईकाम करणारे व्हिन्स कॉलेटा वेळ वाचवण्यासाठी कर्बींच्या गर्दीतली माणसे आणि इमारतींचे तपशील चक्क खोडून टाकत. पेन्सिलच्या प्रती आणि छापील पाने शेजारी ठेवून अभ्यासकांनी हे दाखवून दिले आहे. ती तुलना पाहताना मला राग येतो, आणि तो आवरावा असे वाटत नाही.

डिट्कोंचे जग यापेक्षा अरुंद आहे, आणि त्याची ताकद त्या अरुंदपणातच आहे. १९२७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलादाच्या गावात त्यांचा जन्म झाला, आणि न्यूयॉर्कमध्ये ते बॅटमॅनचे चित्रकार जेरी रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकले. त्यांचा पीटर पार्कर हडकुळा आहे, चष्मा लावतो, खांदे आत ओढून चालतो, वर्गात कडेला उभा राहतो. मुखवटा चढवल्यावरही तो पिळदार होत नाही. तो कोळ्यासारखा वाकतो, गुडघे कानांपर्यंत आणतो, भिंतीवर उलटा चिकटतो. पूर्ण चेहरा झाकलेला नायक त्या काळी विरळा होता. डोळे, भुवया, ओठ यांपैकी काहीच हाताशी नसताना डिट्कोंनी सगळा अभिनय पाठीच्या कण्याकडे आणि बोटांकडे सोपवला. त्यांची पाने बहुधा नऊ लहान चौकटींच्या शिस्तीत बसलेली असतात, आणि त्या चौकटींत न्यूयॉर्कची गच्ची, पाण्याची लाकडी टाकी, आगीच्या वेळी उतरायचे लोखंडी जिने असे खरे शहर असते.

‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा ३३ वा अंक, फेब्रुवारी १९६६. पाण्याखालच्या अड्ड्यात एका अजस्र यंत्राखाली स्पायडरमॅन गाडला गेला आहे. मे काकूचा जीव वाचवू शकेल असे औषध समोर पडले आहे, हात पोहोचणार नाही एवढ्याच अंतरावर. छतातून पाणी गळते आहे. डिट्को या एका प्रसंगाला पहिली पाच पाने देतात. मासिकाची पाने मोजकी असताना, एक माणूस ओझे उचलतो याला पाच पाने! सुरुवातीला चौकटींत यंत्रच यंत्र आहे आणि माणूस तळाशी चिरडलेला. तो प्रयत्न करतो, खचतो, मे काकूचे आणि बेन काकांचे चेहरे त्याच्या मनासमोर येतात. मग पाठ हळूहळू वर येऊ लागते. चौकटीगणिक त्याचे शरीर थोडे अधिक जागा घेते, यंत्र थोडे वर सरकते, पाण्याच्या धारा वाढतात. आणि पाचव्या पानावर चौकटी संपतात. पानभर एकच चित्र, पाय रोवलेले, हात वर, यंत्र डोक्याच्या वर उचललेले. इथे खलनायक नाही, ठोसा नाही. चौकटीचा आकार बदलत नेऊन वजन दाखवता येते, हे डिट्कोंनी या पाच पानांत सिद्ध केले आहे. लींचे शब्द या पानांवर आहेत आणि ते चांगलेही आहेत. ते झाकून वाचले तरी छातीवरचे ओझे तसूभर कमी होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्या काळात लेखक आणि चित्रकार यांच्यात बोलणेही उरले नव्हते; कथानकाचे श्रेय अंकात डिट्कोंच्या नावावरच छापले जात होते.

१९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉक्टर स्ट्रेंजमध्ये त्यांनी वेगळेच काही केले. तिथली परलोकाची दृश्ये म्हणजे हवेत लोंबणाऱ्या वाटा, कुठेच न उघडणारी दारे, दातेरी तोंडे, खाली-वर ही भावनाच नाहीशी झालेली पोकळी. कॉलेजमधल्या तरुणांनी ती पाने नशेच्या अनुभवाशी जोडली. अत्यंत शिस्तीच्या, कडक मतांच्या डिट्कोंचा त्या जगाशी काडीचा संबंध नव्हता. ३८ अंकांनंतर त्यांनी स्पायडरमॅन सोडला, आणि पुढची पन्नास वर्षे मुलाखतींना आणि छायाचित्रांना जवळजवळ ठाम नकार देत न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत काम करत राहिले. २०१८ मध्ये नव्वदाव्या वर्षी ते गेले. माझे काम पाहा, मला पाहू नका, ही त्यांची भूमिका मला पूर्ण पटते. प्रसिद्धीच्या हव्यासाने भरलेल्या या धंद्यात एवढा स्वाभिमान दुर्मीळ आहे.

त्यांच्यानंतर स्पायडरमॅन जॉन रोमिटांकडे गेला. ते प्रेमकथांच्या मासिकांतून आलेले, त्यामुळे पीटर देखणा झाला आणि खपही वाढला. चित्रे नितळ आहेत, तरी मला तो हडकुळा मुलगाच जवळचा वाटतो. जॉन ब्युसेमांचे शरीरज्ञान अफाट होते. रिगामध्ये जन्मलेल्या गिल केन यांनी खालच्या कोनातून पाहिलेले चेहरे आणि हवेत उडालेली शरीरे यांत स्वतःची शैली घडवली. नील ॲडम्स जाहिरातक्षेत्रातून आले आणि बॅटमॅनला त्यांनी रात्र परत मिळवून दिली. आपल्याकडे नागराजचे सुरुवातीचे अंक मराठी चित्रकार प्रताप मुळीक यांनी काढले. अमर चित्र कथेतल्या पौराणिक देहांवर तयार झालेला तो हात सुपरहिरोला भिडला, त्याबद्दल स्वतंत्रच लिहायला हवे.

या मंडळींना कलावंत म्हणून मान मिळायला फार उशीर झाला. १९६३ मध्ये रॉय लिक्टेनस्टाइन यांनी कर्बींनी काढलेल्या ‘एक्स-मेन’मधल्या एका चौकटीवरून मोठे रंगचित्र केले आणि ते कलादालनांच्या जगात गेले, कर्बी तेव्हा पानामागे ठरलेल्या मजुरीवर घरच्या तळघरात बसून पुढचा अंक काढत होते. सुपरमॅनचे हक्क १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांच्याकडून १३० डॉलरला घेतले गेले होते. दृष्टी अधू झालेले शुस्टर आणि सीगल यांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि अंकावर नाव मिळाले ते १९७५ मध्ये, रॉबिन्सन आणि ॲडम्स यांनी त्यांच्यासाठी आवाज उठवल्यावर. ॲडम्स यांनी चित्रे सुंदर काढलीच. पण दोन वृद्ध माणसांसाठी त्यांनी दिलेली ही लढत मला त्यांच्या कोणत्याही मुखपृष्ठापेक्षा मोठी वाटते.

कर्बींच्या वाट्याला त्यांची स्वतःची मूळ पानेसुद्धा सहज आली नाहीत. ऐंशीच्या दशकात मार्व्हलने जुनी चित्रे परत करायला सुरुवात केली तेव्हा इतरांना एका पानाचा करारनामा होता आणि कर्बींना चार पानांचा. बरीच वर्षे भांडल्यावर १९८७ मध्ये सुमारे २,००० पाने त्यांना मिळाली. त्यांनी काढलेल्या पानांचा तो लहानसाच हिस्सा. ६ फेब्रुवारी १९९४ रोजी ते गेले, आणि त्यांच्या वारसांशी कंपनीने तडजोड केली ती २०१४ मध्ये.

स्पायडरमॅनची पहिली कथा असलेल्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकाची डिट्कोंची मूळ पाने मात्र सुखरूप आहेत. २००८ मध्ये कोणीतरी नाव न सांगता ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. त्यांतल्या एका पानावर लींनी डिट्कोंसाठी पेन्सिलने लिहिलेली सूचना अजून आहे: ही गाडी बंद टपाची कर, बाहेर लोंबणारे हात नकोत, पोरे बेफाम गाडी हाकत आहेत असे वाटता कामा नये. एक जण गोष्ट रेषेत सांगतो आहे, दुसरा शब्दांत अडवतो आहे, आणि पुढे काय होणार हे दोघांनाही ठाऊक नाही. ते पान मला एकदा प्रत्यक्ष पाहायचे आहे, शाई कुठे दाट झाली आहे आणि कुठे खोडून पुन्हा काढले आहे तेही नीट जवळून.